मिजबिलचा धडा आणि मुंगसाचा प्रश्न

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील एका धड्याबद्दल विज्ञानाच्या मासिकात लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आणि तो आम्ही जितका टाळू पाहिला तितका वाढतच गेला, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही चिखलीतले पाच-सहा शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतो. कुणी विज्ञान शिकवतो, कुणी भूगोल, एक जण इंग्रजी. प्रत्येकाने काहीतरी वाचून यायचे आणि त्यावर बोलायचे, एवढाच नियम. आमच्यातल्या एकाची मुलगी केंद्रीय मंडळाच्या शाळेत दहावीला आहे. त्या दिवशी ती वडिलांबरोबर आली होती. तिने ‘फर्स्ट फ्लाइट’ हे इंग्रजीचे पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “काका, मुंगूस आन् ऊद एकाच कुळातले हायेत का? पुस्तकात तर तसंच लिहेल हाये.”

विज्ञानाच्या शिक्षकाने इंग्रजीच्या शिक्षकाकडे पाहिले, इंग्रजीच्या शिक्षकाने विज्ञानाच्या. एकाच्या मते प्रश्न प्राणिशास्त्राचा होता, दुसऱ्याच्या मते पुस्तक भाषेचे होते. ही टोलवाटोलवी गमतीची वाटली तरी तिच्यामागे एक खरी उणीव आहे. भाषेच्या पुस्तकांत निसर्गावरचे कितीतरी उतारे असतात. त्यांतील शब्दार्थ, व्याकरण, लेखकाची शैली यांची चिकित्सा होते. त्यांतील प्राणी बरोबर आहे की नाही, हे मात्र कुणाच्याच तासाला येत नाही.

धडा आहे ‘मिजबिल द ऑटर’. एन.सी.ई.आर.टी.ने २००७ च्या सुमारास आणलेल्या या पुस्तकातून देशभरच्या लक्षावधी मुलांनी तो वाचला आहे, आणि उदाविषयी त्यांनी काही वाचले असेल तर बहुधा हेच. म्हणून तो तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटले.

उतारा गॅव्हिन मॅक्सवेल या स्कॉटिश लेखकाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ या पुस्तकातला आहे. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगतो. मॅक्सवेलचा कुत्रा मेलेला असतो. दुसरा कुत्रा पाळण्याऐवजी या वेळी ऊद पाळावा, असे त्याच्या मनात येते. १९५६ मध्ये तो दक्षिण इराकमधील बसरा येथे असताना दोन अरब माणसे एका पोत्यातून उदाचे पिल्लू आणून देतात. हाच मिजबिल, लाडाने मिज. मॅक्सवेल त्याला हॉटेलच्या न्हाणीघरात खेळवतो, पेटीत घालून विमानाने लंडनला नेतो आणि तिथल्या रस्त्यांवरून साखळी लावून फिरवतो. लोक हा कोणता प्राणी म्हणून नाना तर्क लढवतात. कुणाला सीलचे पिल्लू वाटते, कुणाला अस्वलाचे, कुणाला आणखी काही. तिथेच धडा संपतो.

प्रथम जे चांगले आहे ते सांगू. मॅक्सवेलचे डोळे उत्तम आहेत. मिज पोत्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर चिखलाचे टोकदार खवले बसलेले असतात आणि ते धुऊन निघायला जवळजवळ महिना लागतो, हा तपशील घरात बसून सुचणारा नाही. विज्ञानाचा शिक्षक या एका तपशिलावर अख्खा तास घेऊ शकतो. सील किंवा देवमासा यांच्यासारखा चरबीचा जाड थर उदाच्या कातडीखाली नसतो. थंड पाण्यात त्याची ऊब राखते ती त्याची लव. वरचे राठ केस पाणी अडवतात आणि खालच्या दाट, बारीक केसांत हवा अडकून राहते. ही हवेची गादीच त्याचे पांघरूण. केस चिखलाने चिकटले की हवा अडकायला जागाच राहत नाही. ऊद पाण्याबाहेर आल्यावर वाळूत, गवतात अंग घासत लोळतो, पुन्हा पुन्हा केस चाटून साफ करतो, ती हौस नसते. ज्या पिल्लाला महिनाभर धड अंग साफ करता आले नाही त्याची अवस्था काय असेल, हे मुलांना विचारून पाहावे. मॅक्सवेलने हे सांगितलेले नाही. पण त्याने जे पाहिले ते इतके नेमके लिहिले आहे की आपल्याला ते त्यातून काढता येते. चांगल्या निरीक्षणाची ही खूण आहे.

न्हाणीघराचा प्रसंगही असाच. दोन दिवसांत मिज स्वतः नळ फिरवून पाणी सोडायला शिकतो. पुढच्या पंजांची बोटे आणि मिशा यांनी गढूळ पाण्यात दगडाखालचे खेकडे, मासे चाचपडून शोधणाऱ्या प्राण्याला नळाची चकती हाताळणे जमावे, यात नवल नाही. धडा शिकवताना मुले ‘हुशार आहे’ म्हणून थांबतात. तिथे न थांबता ‘कशासाठी हुशार’ असे विचारले तर पंजाकडे लक्ष जाते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मॅक्सवेल म्हणतो की, ऊद ज्या लहानशा गटात मोडतो त्यात बॅजर, मुंगूस, वीझल, मिंक वगैरे येतात. यातला मुंगूस चुकला आहे. बाकीचे ‘म्युस्टेलिडी’ कुलातले आहेत, मुंगूस नाही. आज मुंगसाचे ‘हर्पेस्टिडी’ हे स्वतंत्र कुल मानतात. मॅक्सवेलने लिहिले तेव्हा मुंगसांना जवादी मांजरांच्या कुलात घालण्याची पद्धत होती. म्हणजे त्या काळच्या वर्गीकरणानुसारही हे विधान बरोबर नव्हते.

चूक एका शब्दाची आहे, पण साधी नाही. मांसाहारी गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत मांजर, वाघ, तरस, जवादी मांजर आणि मुंगूस येतात. दुसरीत कुत्रा, लांडगा, अस्वल, सील आणि ऊद. या दोन शाखा फार पूर्वी, कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. कवटीत कानाच्या मागे हाडाची एक फुगीर डबी असते. पहिल्या शाखेत या डबीच्या आत पडदा असून तिचे दोन कप्पे पडतात; दुसरीत असा पूर्ण पडदा नसतो. मुंगसाची डबी मांजराच्या वळणाची आहे. बाहेरून मात्र मुंगूस आणि वीझल सारखे दिसतात, कारण दोघांचा धंदा एक: बिळात, फटीत, झुडपात शिरून भक्ष्य पकडायचे. त्यासाठी लांबट, बुटके, लवचीक अंग दोघांनाही सोयीचे. सारख्या कामाने सारखे रूप येते, त्यावरून नाते ठरत नाही. नववी-दहावीच्या जीवशास्त्रात जी गोष्ट समजावताना आपली दमछाक होते, तिचे उदाहरण इंग्रजीच्या धड्यात आयते पडले आहे, तेही चुकीच्या रूपात. शिक्षकाला याहून चांगले काय मिळणार?

आपण मराठी माणसांनीही फार मिजास करू नये. आपण या प्राण्याला पाणमांजर म्हणतो. मुलांच्या मनात लगेच पाण्यात पोहणारे मांजर उभे राहते. वंशाने पाहिले तर हे ‘मांजर’ मांजरापेक्षा कुत्र्याला जवळचे, आणि ज्याला आपण कधी मांजर म्हणत नाही तो मुंगूस मांजराच्या बाजूचा. मॅक्सवेलने मुंगसाला उदाच्या घरात नेले, आपण उदाला मांजराच्या घरात नेले. फांदी तीच, चूक उलट्या दिशेची.

शिवाय आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. ‘उदमांजर’ हा शब्द. झाडावर राहणारे, रात्री फळे खाणारे, क्वचित घराच्या आढ्यावर सापडणारे जे जनावर, त्याला पुष्कळ ठिकाणी उदमांजर म्हणतात. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. ‘ऊद’ हा वेगळा. संस्कृतात ‘उद्र’ म्हणजे पाण्यातला प्राणी. ‘उदक’ ज्या मुळापासून आला त्याच मुळाचा हा शब्द. इंग्रजीतला ‘ऑटर’ही दूरच्या नात्याने त्याचाच भाऊ लागतो. संस्कृतात ‘जलनकुल’ असेही एक नाव आहे, म्हणजे पाण्यातले मुंगूस! तेव्हा मॅक्सवेलच्या चुकीला जुनी सोबत आहे. आमच्यापैकी एकाने कित्येक वर्षे वर्गात उदमांजर आणि पाणमांजर एकच म्हणून शिकवले, हे इथे कबूल केलेले बरे. आमची सूचना अशी की, वर्गात ‘ऊद’ हाच शब्द वापरावा. तो लहान आहे, जुना आहे आणि त्यात मांजर नाही.

दुसरा मुद्दा आम्हाला मुंगसापेक्षा महत्त्वाचा वाटतो. धड्यात म्हटले आहे की, मिजबिल शास्त्रज्ञांना तोवर अज्ञात असलेल्या एका प्रकारचा होता आणि त्याला मॅक्सवेलचे नाव देण्यात आले. हे खरे आहे. ‘लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा मॅक्सवेली’ या नावातला तिसरा शब्द म्हणजे मॅक्सवेल. पण नवी होती ती उपजाती. पहिले दोन शब्द ज्या जातीचे आहेत ती १८२६ पासून शास्त्राला माहीत होती, आणि ती जात म्हणजे आपल्या देशात सर्वात जास्त पसरलेला ऊद. आखूड, गुळगुळीत केसांचा, टोकाकडे चपट्या होत गेलेल्या शेपटीचा, सात ते अकरा किलो वजनाचा. चंबळेत, कावेरीत, केरळातल्या पेरियारच्या जलाशयात, गोव्याच्या खाड्यांत आणि आपल्या सिंधुदुर्गात तो आहे. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर ज्याला कुणी ओळखले नाही तो मिजबिल आपल्या शेजाऱ्यांपैकी निघाला. धड्यात ही गोष्ट येत नाही. मुले इराक आणि इंग्लंड नकाशावर शोधतात आणि हा परदेशी प्राणी आहे अशी समजूत करून घेतात. ‘शास्त्राला अज्ञात’ म्हणजे ‘माणसाला अज्ञात’ नव्हे, हेही सांगायला हवे. टायग्रिसच्या दलदलीतल्या लोकांना हे ऊद पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. त्यांच्याचकडून ते पोते आले होते.

भारतात उदाच्या तीन जाती आहेत. गुळगुळीत केसांचा वर सांगितला. दुसरा युरेशियन ऊद, म्हणजे युरोपातला तोच, हिमालयात आणि दक्षिणेच्या डोंगरांत. मध्य भारतात तो उरला आहे की नाही याची शंका होती, पण मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्प आणि बालाघाटच्या जंगलातील त्याची छायाचित्रे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसरा लहान नख्यांचा ऊद, सर्वात छोटा, डोंगरी ओढ्यांतून खेकडे खाणारा. तिघांचे वागणे सारखे नाही, आणि इथेच पुस्तकांतून मोठा गोंधळ होतो. ‘ऊद एकटा राहतो’ असे एका पुस्तकात असते, ‘ऊद कळपाने राहतात’ असे दुसऱ्यात. दोन्ही खरी, पण वेगवेगळ्या उदांबद्दल. इंग्रजीतील दुसरे गाजलेले पुस्तक, हेन्री विल्यमसनचे ‘टार्का द ऑटर’ (१९२७), युरेशियन उदाबद्दल आहे. तो बहुतांशी एकटा हिंडतो. आई आणि पिल्ले एवढेच त्याचे कुटुंब. मिजबिलची जात मात्र कुटुंबवत्सल. नर, मादी, या वर्षीची पिल्ले, कधी आधीच्या वेतातली मोठी झालेली मुले असा मेळा एकत्र हिंडतो, मासे घेरतो, एकाच बिळात झोपतो, सतत एकमेकांना शिट्यांसारखे आवाज देत राहतो. भारतीय वन्यजीव संस्थेचे एस. ए. हुसेन यांनी चंबळच्या अभयारण्यात या जातीच्या गटांचा आणि प्रजननाचा अभ्यास केला, तो १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाला आहे.

हे ध्यानात घेऊन धडा पुन्हा वाचला की, त्याचा रंगच बदलतो. मिज मॅक्सवेलच्या पायांत घोटाळतो, हाक मारली की येतो, त्याच्याजवळ झोपतो. मॅक्सवेलला यात प्रेम दिसते, मुलांनाही दिसते, आणि ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हे कळपातून तुटलेले पिल्लू आहे. ज्या जातीत आयुष्याचे पहिले वर्ष आई-बाप-भावंडांच्या अंगाला अंग लावून जाते, तिथले एकटे पडलेले पोर समोर जो असेल त्याला धरणारच. जात कळली नाही तर ही ओढ आपण माणसाच्या मोठेपणाच्या खात्यावर मांडतो.

लंडनमध्ये मिज पाठीवर पडून काचेच्या गोट्या पोटावर, छातीवर खेळवतो, याचे वर्णन फार गोड आहे. उदांच्या या गोट्या-खड्यांच्या खेळावर ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या उदांवर अभ्यास करून २०२० साली निष्कर्ष मांडले. त्यात मिजबिलची जातही होती. भूक लागली असताना ते हा खेळ जास्त खेळतात, असे आढळले. या खेळाने अन्न काढण्याचे कसब वाढते म्हणावे, तर जास्त खेळणारे उद कोड्याच्या डब्यातून अन्न काढण्यात इतरांहून सरस ठरले नाहीत. मग हा खेळ आहे तरी कशासाठी? उत्तर अजून पुरते हाती नाही. ‘तो आनंदात होता म्हणून खेळत होता’ हे वाक्य वर्गात आले तर तिथे थोडे थांबावे, एवढेच.

आता पेटीचा प्रसंग. धड्यातला हा सर्वांत विनोदी भाग आणि आमचा खरा आक्षेप याच भागावर आहे. विमान कंपनीच्या अटीप्रमाणे पेटी अठरा इंचांहून मोठी नको. मॅक्सवेल मिजला आत ठेवून जेवायला जातो. परततो तेव्हा आत सामसूम आणि हवेसाठी ठेवलेल्या भोकांच्या कडेला वाळलेले रक्त. मिजने आतला पत्रा फाडून काढलेला असतो. मग विमानतळापर्यंतची धावपळ, भली हवाई सुंदरी, विमानात मिजचे निसटणे, ‘उंदीर, उंदीर’ म्हणून बाईंचे ओरडणे. मुले हसतात. आमच्या बैठकीत वाचताना आम्हीही हसलो. मग त्या मुलीने विचारले, “पण त्याला लागलं असन ना?”

लागले होतेच. अठरा इंच म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. पूर्ण वाढलेल्या या उदाचे नुसते धड त्याहून लांब असते. पिल्लू झाले तरी त्याला त्यात धड वळता येणार नाही. अंगावर थंड पाण्यासाठी घडलेली दाट लव आणि बाहेर बसऱ्याची हवा. प्राणी जिवाच्या आकांताने पत्रा फाडतो आणि उताऱ्याची मांडणी अशी की, आपले लक्ष लेखकाच्या फजितीकडे राहते. मॅक्सवेलला दोष देताना काळाचे भान ठेवायला हवे. १९५६ साली असा प्राणी नेणे कुणाला वावगे वाटत नव्हते, आणि त्याने रक्त लपवलेले नाही. पण २००७ साली पुस्तक करणाऱ्यांपुढे ही सबब नव्हती. त्यांनी धड्याच्या आधी मजकूर घातला तो पाळीव प्राण्यांच्या जबाबदारीबद्दल. प्राणी पाळणे ही आयुष्यभराची बांधिलकी आहे, त्याला वेळेवर खाणे द्या, व्यायाम द्या, अशा अर्थाचा. कुत्र्या-मांजरांसाठी तो योग्यच आहे. पण त्याच दारातून मुलांना उदाकडे नेले की, ऊदही पाळता येणारा, फक्त जरा जास्त सांभाळावा लागणारा प्राणी ठरतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ऊद पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. धड्याआधी एकच वाक्य घालायचे होते तर ते हे हवे होते.

हा आमचा किरकिरा स्वभाव आहे असे कुणी म्हणेल. म्हणून पुढचे सांगतो. गेल्या काही वर्षांत जपान आणि आग्नेय आशियात ऊद पाळण्याची लाट आली. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या, बाळासारख्या ऊदांच्या चित्रफिती, ऊद मांडीवर घेऊन चहा पिण्याची उपाहारगृहे. मागणी वाढली तशी जंगलातून पिल्ले उचलली जाऊ लागली. २०१७ मध्ये थायलंडहून जपानकडे सामानातून नेली जाणारी पिल्ले विमानतळावर पकडली गेली. पुन्हा विमान, पुन्हा पेटी. शेवटी २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत वन्यजीव-व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात लहान नख्यांचा आणि गुळगुळीत केसांचा, असे दोन्ही ऊद घातले गेले आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला. ही मागणी मांडणाऱ्यांत भारत होता. एकीकडे आपण हे करायचे आणि दुसरीकडे दहावीच्या मुलांना पेटीच्या प्रसंगावर हसवून पुढे जायचे, हे कसे जमते?

इथे एक विद्यार्थी बांगलादेशचे उदाहरण देईल, आणि ते द्यावे. नराइल भागातले कोळी पिढ्यान्पिढ्या हेच ऊद पाळून त्यांच्याकडून मासे जाळ्याकडे हाकून घेतात. पण तिथे ऊद जोडीने, पिल्लांसह नदीवरच असतात, आणि पाळलेल्यांचीच वीण पुढे चालते. न्हाणीघरातला एकटा मिजबिल आणि ते, यांची तुलना करायला सांगणे हा उत्तम स्वाध्याय होईल.

धडा जिथे संपतो त्याच्या पुढे मूळ पुस्तकात काय आहे, हे बहुतेक मुलांना कधीच कळत नाही. मॅक्सवेल मिजला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आपल्या घरी नेतो. तिथे तो मोकळा हिंडतो. १९५७ मध्ये, वर्षभराचाच असताना, तो भटकत गावापर्यंत जातो आणि रस्त्याच्या कामावरचा एक माणूस त्याला मारतो. माणसाची भीती त्याला राहिली नव्हती, हे कारण उघड आहे. पुढे मॅक्सवेलने आफ्रिकी जातीचे ऊद पाळले. त्यातल्या एडालने त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरसवदा टेरी नटकिन्सच्या हाताचा चावा घेतला आणि त्याच्या दोन बोटांचे भाग गेले. हा टेरी पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर प्राण्यांच्या कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये घराला लागलेल्या आगीत एडाल मेली. पुस्तकाचा दहा-बारा पानांचा गोड भाग कापून घ्यायचा आणि उरलेले सोडायचे, ही संपादकाची सोय झाली. पंधरा वर्षांच्या मुलांना मिजचा मृत्यू सोसवणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी मुलांशी बोललेले नसावे.

मॅक्सवेलच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्याने हे पुस्तक लिहिले तेव्हा ब्रिटनमधले ऊद झपाट्याने नाहीसे होऊ लागले होते, आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांनी ठेवलेल्या जुन्या वह्या पुढे चॅनिन आणि जेफरीज या दोघांनी तपासल्या. वर्षाकाठी किती ऊद आढळले याच्या त्या नोंदी. त्यांवरून १९७८ साली त्यांनी दाखवले की, घट १९५७-५८ च्या सुमारास एकदम सुरू झाली. संशय गेला तो डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांवर. बियाण्याला लावलेले विष नदीत, नदीतून माशात आणि माशांतून उदात साठत गेले. त्याच १९७८ पासून इंग्लंडमध्ये उदाला कायद्याचे संरक्षण मिळाले, ती विषेही हळूहळू बंद झाली, आणि २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ऊद परतल्याचे दिसले. या परतीला लोकांचे जे पाठबळ मिळाले त्यात मॅक्सवेलच्या वाचकांचा वाटा असणारच. पुस्तक चांगले आहे म्हणूनच त्याच्याशी भांडावेसे वाटते.

आमच्या तालुक्यात हे सारे सांगताना मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “सर, आपल्या पैनगंगेत हाये का?” पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येळगावच्या धरणात अडते आणि पुढे सरकते. इथे ती अजून लहान आहे. उन्हाळ्यात धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. उदाला बारमाही मासे हवेत, काठावर खडकांच्या कपारी किंवा झाडांच्या मुळांखाली निवांत बिळे हवीत. कापूस-सोयाबीनच्या शेतांतून वाहून येणाऱ्या फवारणीचे काय होते, हे तर वर आलेच. मुलांना हो किंवा नाही सांगण्याऐवजी आम्ही त्यांना नदीचा पट्टा नकाशावर काढायला लावला आणि मे महिन्यात पाणी कुठे कुठे राहते त्याच्या खुणा करायला सांगितले. एका म्हाताऱ्या भोयाने तरुणपणी पाणमांजर पाहिल्याचे सांगितले. पण शेपटी कशी होती, हे विचारल्यावर जे वर्णन आले ते पट्ट्यापट्ट्यांच्या, झाडावर चढणाऱ्या जनावराचे होते. नावाचा घोळ इथवर पोचला आहे.

ऊद सहसा दिसत नाही. दिसते ते त्याने मागे ठेवलेले. पाण्याकाठच्या ठरावीक खडकावर पुन्हा पुन्हा टाकलेली विष्ठा, तिच्यात माशांचे खवले आणि काटे, उग्र मासळीचा वास. चिखलात पाच बोटांचा रुंद ठसा, बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ. चिखल या बाबतीत फार उपयोगाचा, आणि आमच्या गावाच्या नावातच तो आहे, म्हणून मुले खूश झाली. मार्चमध्ये आम्ही एका डोहावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस घेऊन गेलो. कुत्र्याचे, बगळ्याचे, गुरांचे ठसे मिळाले. एका ठिकाणी पाच बोटांची लहान लहान पावले पाण्यापर्यंत जाऊन परतली होती, आणि दोघे ‘ऊद, ऊद’ म्हणून ओरडले. त्या मुलीने पट्टी लावली. ठसा तीन सेंटिमीटरचा भरला, उदाचा याच्या दुपटीहून मोठा हवा, आणि पडद्याचा मागमूस नव्हता. मुंगूस होता. तो ठसा आता शाळेच्या कपाटात आहे, आणि तिने त्याखालच्या चिठ्ठीवर कुलाचे नाव ‘हर्पेस्टिडी’ असे लिहिले आहे.